केबलवरच जास्त अडखळतंय, त्याबद्दल
वर एकाने म्हटलंय की जुन्या पीसीवरचा फोर-के पिक्चर जेलीफिनने (घरच्या पीसीवरचे व्हिडिओ टीव्हीवर दाखवणारं सॉफ्टवेअर) टीव्हीवर बघताना वायफायवर बरा चालत होता, पण टीव्हीला लॅन केबल लावल्यावर अडखळायला लागला. राउटरला शिव्या घालू नका. बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट अजूनही १०० एमबीपीएसचंच असतं आणि फोर-के ब्लू-रेचा बिटरेट (दर सेकंदाला लागणारा डेटा) १२८ एमबीपीएसपर्यंत चढतो. मारामारीच्या सीनला बफरिंग ठरलेलं! तिथे ५ गिगाहर्ट्‌झ वायफायच सरस. टीव्हीला जोडता येणाऱ्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाला मात्र खरं गिगाबिट (१००० एमबीपीएस) पोर्ट आहे.

सबटायटल्सचीही भानगड बघा. ब्लू-रेची सबटायटल्स पीजीएस प्रकारची असतात, म्हणजे मजकूर नव्हे, चित्रं. टीव्हीवरच्या ॲपला ती झेपली नाहीत तर ती व्हिडिओवर छापायला जेलीफिन अख्खा व्हिडिओ नव्याने एन्कोड करत बसतं, आणि जुन्या पीसीचा पंखा बोंबलायला लागतो. त्यापेक्षा सबटायटल्सची एसआरटी फाइल (साधा मजकूर) शोधून ठेवा.