डॉर्मंट सॅलरी खात्यावर उणे 9,224 रुपये: भरायचे की भांडायचे?

शहाणी_सून:
मंडळी, जाणकारांनी मार्ग दाखवावा. 2019 मध्ये नोकरी सोडली, तेव्हाचं सॅलरी खातं तसंच पडून राहिलं. 14 जुलै 2019 ला एटीएममधून शेवटचे पैसे काढले, 2,340 रुपये मागे ठेवले आणि विसरले. मधल्या काळात मोबाइल नंबरही बदलला. आता घरी पत्र आलंय, 'ओव्हरड्राफ्ट थकबाकी रु. 9,224, सात दिवसांत भरणा करावा.' मी जन्मात कधी ओव्हरड्राफ्ट मागितलेला नाही! शाखेत गेले तर काउंटरवरची मुलगी मान वर न करता म्हणाली, "मॅडम, आधी पैसे भरा, मग क्लोजर फॉर्म देते." नवरा म्हणतो, भरून टाक, कटकट मिटव. माझा हात होत नाहीये.

रिकामटेकडा:
भरू नका. माझ्या साडूने 'कटकट मिटव' म्हणून भरले, नंतर परत मागायला गेला तर "तुम्ही स्वतःहून भरलेत ना साहेब" हे ऐकून आला. एकदा पैसे गेले की तुम्ही मागणारे आणि ते देणारे.

काउंटर_नं_4:
31 वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच काउंटरच्या पलीकडच्या बाजूला, म्हणून सविस्तर लिहितो.

ताई, आधी त्या 'ओव्हरड्राफ्ट' शब्दाला घाबरू नका. ओव्हरड्राफ्ट म्हणजे शिल्लकीपेक्षा जास्त पैसे काढायची उधारीची सवलत. तुम्ही अर्ज केला नाही, मंजुरीपत्रावर सही केली नाही, तर ती सवलत तुम्ही घेतलेली नाही. खात्यातले पैसे संपल्यावरही सिस्टीम दंड नावे टाकत राहिली आणि शिल्लक उण्यात गेली, एवढंच झालंय. पगार काही महिने आला नाही की सॅलरी खातं साध्या बचत खात्यात बदलतं आणि मिनिमम बॅलन्सची अट लागू होते. बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं.

आता काम एकच. 14 जुलै 2019 पासून आजपर्यंतचं स्टेटमेंट मागा. पासबुक भरून घेऊ नका, खूप दिवसांनी छापलं की जुन्या नोंदी एकत्र करून एकाच ओळीत येतात. आपल्याला प्रत्येक नोंद तारखेसकट हवी. मिळालं की इथे टाका, नाव-नंबर झाकून.

जमाखर्च:
+1. आणि त्याच बँकेत तुमचं दुसरं खातं किंवा एफडी असेल तर आजच बघून घ्या. माझ्या भावाच्या चालू असलेल्या खात्यावर जुन्या खात्याच्या उण्यापोटी लियन लावला होता, म्हणजे तेवढी रक्कम अडवून ठेवली होती. ऐन हप्त्याच्या दिवशी कळलं.

शहाणी_सून:
दुसरं खातं नाही, सुटले. स्टेटमेंट मिळालं (दोन खेपा, एक 'सिस्टीम स्लो आहे'). व्याजाचे किरकोळ रुपये सोडून देते.

जानेवारी 2020 पासून दर तिमाहीला 'मिनिमम बॅलन्स चार्जेस' 500 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 590. असे जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर करत थेट एप्रिल 2024 पर्यंत. शिवाय दर जुलैमध्ये कार्डाची वार्षिक फी 236, 2020 ते 2023. जुलै 2020 च्या शेवटी शिल्लक 334 होती, ऑक्टोबर 2020 ला ती उणे 256 झाली. तिथून नुसता उतार.

काउंटर_नं_4:
वा, हिशेब चोख मांडलात. आता याचे तीन तुकडे करू.

पहिला तुकडा सगळ्यात मोठा. ग्राहकाने दोन वर्षांहून जास्त काळ स्वतः काहीच व्यवहार केला नाही की खातं इनऑपरेटिव्ह, म्हणजेच डॉर्मंट, धरतात. तुमच्या बाबतीत 14 जुलै 2021 नंतर. अशा खात्यावर मिनिमम बॅलन्सचा दंड लावायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा आदेश मे 2014 पासूनचा आहे आणि 1 जानेवारी 2024 च्या सुधारित सूचनांमध्येही तो कायम आहे. ऑक्टोबर 2021 ते एप्रिल 2024 असे 11 दंड, 6,490 रुपये. यावर वाद घालायला त्यांना जागाच नाही.

दुसरा तुकडा. नोव्हेंबर 2014 चं आणखी एक परिपत्रक आहे, 1 एप्रिल 2015 पासून लागू झालेलं. केवळ मिनिमम बॅलन्सच्या दंडामुळे बचत खात्याची शिल्लक उणे होता कामा नये, असं त्यात स्वच्छ म्हटलंय. म्हणजे ऑक्टोबर 2020 ला त्यांना फार तर तुमचे 334 घेता आले असते. तेव्हापासून जुलै 2021 पर्यंतचे चार दंड 2,360, त्यातून 334 वजा, राहिले 2,026.

6,490 आणि 2,026 मिळून 8,516. पत्रातल्या 9,224 पैकी मागे उरले 708, ते तीन वर्षांच्या कार्ड फीचे. फी हा मिनिमम बॅलन्सचा दंड नव्हे, त्यामुळे तिथे नियम दाखवून नव्हे तर विनंती करूनच काम होईल. माझं मत विचाराल तर त्या 708 साठी जास्त ताणू नका.

खर्डेघाशी:
काका, एक शंका. बँक म्हणेल की दरवर्षी कार्ड फीची नोंद पडत होती, म्हणजे खातं चालूच होतं, आम्ही इनऑपरेटिव्ह मार्क केलंच नव्हतं. माझ्या ओळखीत एकाला हेच उत्तर मिळालं होतं.

काउंटर_नं_4:
हे उत्तर मी स्वतः तरुणपणी एका म्हाताऱ्या गृहस्थांना दिलंय, आज लाज वाटते. बँकेने स्वतः टाकलेल्या नोंदी, म्हणजे फी, दंड, व्याज, या ग्राहकाचा व्यवहार म्हणून मोजायच्या नसतात. ग्राहकाने स्वतः केलेला व्यवहार किंवा केवायसी अपडेट असेल तरच खातं जागं राहतं.

शहाणी_सून:
काका, आणि उणे होण्याआधी गेलेल्या 2,340 चं काय? तो तिसरा तुकडा ना?

काउंटर_नं_4:
बरोबर ओळखलंत. त्यातले 236 कार्डाचे, उरलेले 2,104 दंडाचे: जानेवारी, एप्रिल, जुलै 2020 चे पूर्ण आणि ऑक्टोबरचे ते 334. इथे तुमची बाजू थोडी लंगडी आहे, खोटं कशाला सांगू. त्या परिपत्रकानुसार दंड लावण्याआधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवून शिल्लक पूर्ववत करायला महिनाभर मुदत द्यायला हवी. पण नंबर तुम्ही बदललात आणि बँकेला कळवला नाहीत. ते म्हणतील, आम्ही नोंदवलेल्या नंबरवर पाठवलं. मागताना 'सूचनेचा पुरावा दाखवा' एवढंच मागा. दावा करण्याच्या तीन वर्षांच्या मुदतीचा मुद्दाही काढतील. तरी मागा, अर्जात दोन ओळी जास्त लिहायला काय जातंय.

मजकूर साधा ठेवा, असा काहीतरी:

"माझ्या वरील खात्यावर दि. 14 जुलै 2019 नंतर मी कोणताही व्यवहार केलेला नाही. खाते इनऑपरेटिव्ह झाल्यानंतर लावलेला दंड रु. 6,490 आणि शिल्लक उणे करणारा दंड रु. 2,026 रिझर्व्ह बँकेच्या सूचनांच्या विरुद्ध असल्याने जीएसटीसह रिव्हर्स करावा. त्यापूर्वीच्या रु. 2,104 च्या दंडाबाबत मला पाठवलेल्या सूचनांचा तारीखवार पुरावा द्यावा, अन्यथा तीही रक्कम परत करावी. मी कोणताही ओव्हरड्राफ्ट घेतलेला नाही. घेतल्याचे बँकेचे म्हणणे असल्यास मंजुरीपत्राची प्रत द्यावी."

दोन प्रती न्या. एकीवर इनवर्डचा शिक्का, तारीख, सही. शिक्का द्यायला कां-कू केली तर तोच मजकूर बँकेच्या तक्रार निवारण ईमेलवर पाठवा आणि तक्रार क्रमांक मिळवा. क्लोजर फॉर्मवर आत्ता सही अजिबात नको.

जमाखर्च:
30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. त्यांच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर ऑनलाइन तक्रार होते, फी नाही, वकील लागत नाही. अडलं तर 14448 वर विचारा. पण बँकेकडे आधी लेखी तक्रार केल्याशिवाय गेलात तर ते दारातूनच परत पाठवतात. मी गेलोय तसा, रागाच्या भरात, म्हणून सांगतो.

रिकामटेकडा:
आणि कोणी 'खातं चालू करायची फी' मागितली तर देऊ नका. इनऑपरेटिव्ह खातं पुन्हा सुरू करायला पैसे घेता येत नाहीत. केवायसीची कागदपत्रं मात्र लागतील. ती कुठल्याही शाखेत देता येतात, होम ब्रांचलाच जायला हवं असं नाही.

शहाणी_सून:
अपडेट. अर्ज दिला त्या दिवशी शिक्क्यासाठी 40 मिनिटं उभी होते. मॅनेजर "हे हेड ऑफिसचं काम आहे" म्हणाले, तरी शिक्का दिला. 19 व्या दिवशी ईमेल आला, 8,516 रिव्हर्स. ओव्हरड्राफ्टबद्दल एक अक्षर नाही, मंजुरीपत्र तर नाहीच. त्याच ईमेलमध्ये कार्डाचे 708 'सदिच्छा म्हणून' माफ. शिल्लक आता शून्य.

2,104 चं मात्र तुम्ही म्हणालात तसंच झालं. जुन्या नंबरवर पाठवलेल्या एसएमएसची यादी जोडलीय. पण त्यात जानेवारी आणि जुलै 2020 च्या आधीचे आणि ऑक्टोबरच्या आधीचा, एवढेच आहेत. एप्रिलच्या दंडाआधी काहीच पाठवलेलं दिसत नाही.

काउंटर_नं_4:
मग तेवढ्या एकाचे 590 मागा. त्यांच्याच यादीची प्रत जोडून.

शहाणी_सून:
नवरा हसतोय. उद्या दोन प्रती काढते.