मदत हवी आहे: अमिओडॅरोन चालू असताना नैराश्याची गोळी, दोन डॉक्टरांचा मेळ कसा घालायचा?

नमस्कार मंडळी,

बाबा ७२ वर्षांचे आहेत, कराडला दादा-वहिनींजवळ असतात. मागच्या वर्षी त्यांना एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडणं, निघालं. पुण्यातल्या हृदयरोगतज्ज्ञांनी अमिओडॅरोन सुरू केलं आणि ठोके बऱ्यापैकी लयीत आले. दिवाळीच्या तोंडावर आई गेली. तेव्हापासून बाबा पार मिटून गेलेत. पेपर उघडत नाहीत, जेवणावर वासना नाही, पहाटे उठून एकटेच सोप्यात बसतात. "आता मला कशाला गोळ्या घालताय," असं वहिनीला म्हणाले, तेव्हा दादा त्यांना सांगलीला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेला. नैराश्य आहे म्हणाले. एसिटॅलोप्रॅम १० (नैराश्याचं) आणि क्लोनाझेपाम (मन शांत करून झोप आणणारं) यांची एकत्र गोळी दिली, रात्री एक.

मेडिकलवाल्या काकांनी जुनी चिठ्ठी बघितली आणि म्हणाले, हृदयाची ही गोळी चालू असेल तर सुरू करण्याआधी एकदा विचारून घ्या. विचारलं. पुण्याहून उत्तर आलं, ज्यांनी गोळी लिहिली त्यांना विचारा. सांगलीहून उत्तर आलं, हृदयाचं हृदयवाल्यांना विचारा. गोळ्यांचं पाकीट तसंच फ्रिजवर पडून आहे. संताप होतो, पण बाबांची अवस्था बघवत नाही, म्हणून तो बाजूला ठेवून इथे लिहितेय.

मला समजलंय ते एवढंच: प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा तयार व्हायला जो वेळ लागतो, तो ईसीजीवर 'क्यूटी' म्हणून मोजतात. अमिओडॅरोनने तो लांबतो, एसिटॅलोप्रॅमनेही थोडा लांबतो. फार लांबला तर टॉर्साड नावाची जीवघेणी लय सुरू होऊ शकते. बाबांच्या शेवटच्या ईसीजीच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात क्यूटीसी (ठोक्यांच्या वेगानुसार दुरुस्त केलेला क्यूटी) ४६८ छापलंय. तो आकडा किती काळजीचा, हे मला कळत नाही.

बाकी चालू गोळ्या अशा: अमिओडॅरोन २००, ठोके आवरायला मेटोप्रोलॉल २५, रक्त पातळ ठेवायला अपिक्साबॅन दोन वेळा, आणि गावातल्या डॉक्टरांनी ॲसिडिटीसाठी दिलेली पॅन्टोप्राझोल-डोम्पेरिडोनची कॅप्सूल रोज सकाळी. ती बरीच वर्षं चालू आहे.

कोणाच्या घरी या दोन्ही प्रकारची औषधं एकत्र चालली आहेत का? डॉक्टरांपुढे नेमकं काय मांडू, म्हणजे ते एकमेकांशी बोलतील? मी बेंगळुरूला असते, सगळं फोनवरूनच करावं लागतंय.

प्रतिसाद

ताई, मी फिजिशियन आहे. बाबांना न तपासता गोळी बदला असं इथून सांगणार नाही, पण काय विचारायचं ते सांगतो.

सगळ्यात आधी ती ॲसिडिटीची कॅप्सूल. तुम्ही तिचं नाव शेवटी लिहिलंत आणि घरोघरी असंच होतं, तिला कोणी औषध समजतच नाही. त्यातलं डोम्पेरिडोनही क्यूटी लांबवतं. युरोपच्या औषध नियामकांनी २०१४ मध्ये याच कारणाने त्याच्या वापरावर बंधनं आणली: फक्त मळमळ-उलटीसाठी, कमी डोसमध्ये, थोडेच दिवस. म्हणजे नवी गोळी सुरू झाली, तर क्यूटीवर दोन नाही, तीन औषधं होतील. गावातल्या डॉक्टरांना विचारा, नुसतं पॅन्टोप्राझोल चालेल का.

४६८ हा आकडा पुरुषासाठी जरा जास्तच आहे, साधारण ४५० पर्यंत ठीक मानतात. खरी धास्ती ५०० च्या पुढे. पण मशीनने छापलेल्या आकड्यावर जाऊ नका. ठोके अनियमित असतील तर मशीन हमखास चुकतं, हृदयरोगतज्ज्ञांनी स्वतः बरेच ठोके मोजून सरासरी काढायला हवी. सोबत पोटॅशियम, मॅग्नेशियम, सोडियम तपासून घ्या. जेवण कमी झालंय म्हणता, पोटॅशियम-मॅग्नेशियम खाली गेलं की हाच धोका वाढतो. पॅन्टोप्राझोल वर्षानुवर्षं घेतल्यानेही मॅग्नेशियम उतरू शकतं. सोडियमचं कारण वेगळं: नैराश्याच्या या गोळ्यांनी वयस्कर माणसांचं सोडियम घसरतं आणि मग गोंधळल्यासारखं होतं.

एसिटॅलोप्रॅम वाईट औषध नाही, लाखो लोक घेतात. पण ६५ च्या पुढे दिवसाला १० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, अशी ब्रिटनमध्ये २०११ पासून सूचना आहे, आणि क्यूटी वाढवणाऱ्या औषधांबरोबर ते देऊच नये असं तिथल्या माहितीपत्रकात म्हटलंय. हृदयरोग्यांमध्ये आम्ही बहुतेक वेळा सर्ट्रालीन या नैराश्याच्याच दुसऱ्या गोळीकडे वळतो. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या रुग्णांमध्ये त्याचा अभ्यास २००२ मध्येच झालाय आणि क्यूटीवर त्याचा परिणाम कमी असतो. मानसोपचारतज्ज्ञांना हा पर्याय जरूर विचारा. त्यांनी फ्लुऑक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन सुचवलं तर मेटोप्रोलॉलची आठवण करून द्या. या दोन्ही गोळ्या यकृतातलं ते एन्झाइम अडवतात ज्याने मेटोप्रोलॉलचा निचरा होतो, मग ठोके फार मंदावतात.

आणखी एक, आणि हे नक्की करा: टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी. २०० मिलिग्रॅमच्या अमिओडॅरोनच्या गोळीत जवळपास ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं. त्याने थायरॉइड मंदावू शकतो, आणि मंद थायरॉइडचा माणूस नैराश्य आल्यासारखाच दिसतो. आईंच्या जाण्याचं दुःख खरंच आहे, पण त्याखाली हे लपलेलं नाही ना, एवढं बघून घ्यायचं. अमिओडॅरोन चालू असेतो दर सहा महिन्यांनी ही तपासणी व्हायलाच हवी.

अमिओडॅरोन मनाने बंद करू नका. त्याने नवी गोळी सुरक्षितही होणार नाही, कारण ते शरीरातून जायला आठवडे नव्हे, महिने लागतात. चक्कर येऊन शुद्ध हरपली तर थेट इमर्जन्सी.

प्रतिसाद

आमच्या आईचं असंच होतं. एक उपाय कामाला आला: एका कोऱ्या कागदावर सगळ्या गोळ्या, मिलिग्रॅम आणि वेळेसकट, च्यवनप्राश-काढ्यापर्यंत. त्याखाली एकच प्रश्न, "ही नवी गोळी याच्यासोबत चालेल का? हो किंवा नाही, कृपया इथे लिहून द्या." लिहून द्या म्हटल्यावर डॉक्टरांनी आमच्यासमोरच दुसऱ्या डॉक्टरांना फोन लावला.

अपिक्साबॅनसोबत नैराश्याच्या या गोळ्यांनी रक्तस्राव व्हायची शक्यता वाढते, तेव्हा हिरड्या आणि शौचाचा काळा रंग यावर लक्ष ठेवा. गुडघे दुखतात म्हणून मनाने पेनकिलर देऊ नका. क्लोनाझेपामने रात्री तोल जातो, बाथरूमचा दिवा चालू ठेवा.

बाबांचं ते वाक्य मात्र हलक्यात घेऊ नका. जगण्याबद्दल तसं काही पुन्हा बोलले तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, मराठीतही बोलतात. सांगलीच्या डॉक्टरांनाही ते वाक्य जसंच्या तसं सांगा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. वहिनीने तसाच कागद केला आणि दादा तो घेऊन सांगलीला गेला. डॉक्टरांनी अमिओडॅरोनच्या ओळीवर बोट ठेवलं आणि तिथूनच पुण्याला फोन केला. पुण्याच्या डॉक्टरांनी ताजा ईसीजी मोबाइलवर मागवला, हाताने मोजून ४५५ सांगितलं. कॅप्सूल बदलली. एसिटॅलोप्रॅमची गोळी परत केली. सर्ट्रालीन २५ ने सुरुवात, दोन आठवड्यांनी पुन्हा ईसीजी. पोटॅशियम जरा कमी निघालं, त्याचं औषध दिलंय. टीएसएचचा रिपोर्ट उद्या येईल, तो दोघांनाही पाठवायचाय.

बाबांना त्यांचं वाक्य डॉक्टरांसमोर सांगितलेलं आवडलं नाही, पण नंतर बाबा डॉक्टरांशी एकट्याने बराच वेळ बोलले म्हणे.

आता एकच विचारायचंय. सर्ट्रालीन सुरुवातीला मळमळवते असं डॉक्टर म्हणाले, आणि बाबा आधीच अर्धी भाकरी खातात. तुमच्याकडे नाश्त्यानंतर दिली की रात्री जेवणानंतर? पोट बिघडलं तर पोटॅशियम पुन्हा उतरेल, त्याचीच धास्ती आहे.

प्रतिसाद

आईला नाश्त्यानंतर द्यायचो, मऊ भात-मेतकूट खाल्ल्यावर. मळमळ पहिल्या आठवड्यात होती, मग गेली. रात्री दिली तेव्हा झोप उडायची. जुलाब किंवा उलट्या सुरूच राहिल्या तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. आणि उलटीसाठी मेडिकलमधून परस्पर काही आणू नका: ऑनडान्सेट्रॉन आणि डोम्पेरिडोन दोन्ही क्यूटीवाल्या यादीतच आहेत.