इटलीची व्हाईट वाईन अजून सहा वर्ष ठेवता येईन का? आमच्याकडं तं मे महिन्यात माठातलं पाणीबी गरम होते

पऱ्हाटीवाला (दारव्हा तालुका)

भाऊ हो, प्रश्न जरा येडाच आहे, हसू नका. माहा लहान भाऊ इटलीत असते, नापोलीच्या बाजूले, कामाले आहे तिकडं. मागच्या दिवाळीले आलता तं एक बाटली घेऊन आला, व्हाईट वाईन, लेबलवर फियानो दि अवेल्लीनो अन् २०१९ साल लिहेल आहे. मी म्हटलं चाल आजच फोडू, तं तो म्हणते दादा हात लावू नको, हे लोणच्यावानी मुरते, माह्या पोरीची दहावी झाली का मग फोडू. पोरगी आता चवथीत आहे! म्हणजे अजून सहा वर्ष.

आता तालुक्याचा दुकानवाला म्हणते पांढरी वाईन सालभरात पिऊन टाका नाहीतर सिरका होते. भाऊ म्हणते हे लय जुन्या जातीचे अंगूर आहेत, रोमन लोकायच्या वेळचे, यायले काही होत नाही. मी बाटली गव्हाच्या कोठीत पुरून ठेवली, एक तं तिथं थंड वाटलं अन् दुसरं म्हणजे आईच्या नजरेआड. एक उन्हाळा तिनं तिथंच काढला. आता खरं कोणाचं धरू, भावाचं का दुकानवाल्याचं?

वरुडची_संत्री

दुकानवाल्याचं. व्हाईट टिकत नाही, रेड टिकते, हे सगळ्यायले माहीत आहे. सहा वर्षानं त्यात लोणचं घाल मग. 😄 अन् सहा वर्ष बाटलीकडं पाहत बसणारा माणूस यवतमाळ जिल्ह्यात आजवर जन्मला नाही.

गाळप_अन्_गप्पा

मी मूळचा पुसदचा, नाशिककडे एका वायनरीत काम करतो म्हणून सांगतो. दोघंही अर्धे अर्धे बरोबर आहेत. आपल्याकडं मिळणाऱ्या बहुतेक व्हाईट वाईन ताज्याच प्यायच्या असतात, वर्ष-दोन वर्षात, त्या हिशोबानं दुकानवाला चुकला नाही. पण फियानोचं प्रकरण वेगळं आहे.

रेड टिकते ती सालीतल्या टॅनिनमुळं म्हणजे तुरटपणामुळं, व्हाईट टिकते ती आंबटपणामुळं. दक्षिण इटली म्हटलं की लोकांना ऊन आठवते, पण अवेल्लीनो हा डोंगराळ भाग आहे, इर्पिनिया म्हणतात त्याला, द्राक्षाचे मळे बरेचसे ४०० ते ६०० मीटर उंचीवर, हिवाळ्यात बर्फ पडते, रात्री थंड असतात त्यामुळं द्राक्ष हळू पिकते अन् तोडणी सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरात. साखर भरते पण आंबटपणा जात नाही. त्यात या जातीचा मणी बारीक, साल जाड, माल कमी. म्हणजे रस थोडा पण घट्ट. चांगल्या हातची फियानो दहा वर्ष आरामात जाते, काही त्याच्याही पुढं.

आणि हे मुरणं लाकडाच्या पिंपात नाही बरं का. फियानो बहुतेक स्टीलच्या टाकीतच बनवतात, मुरते ती बाटलीत. व्हिस्की बाटलीत गेली की तशीच राहते, वीस वर्ष ठेवा नाहीतर उद्या फोडा. वाईन मात्र आत बदलत राहते. रेड जुनी झाली की रंग फिका होतो, व्हाईट जुनी झाली की उलट सोनेरी होत जाते. ताज्या फियानोत फुलं, नासपाती असा वास येतो, मुरल्यावर मध, भाजलेलं हेझलनट अन् थोडा धुरकट वास.

सिरक्याचं म्हणाल तर त्याला हवा लागते अन् त्याचे जंतू लागतात, बूच घट्ट असलेल्या बाटलीत सहसा सिरका होत नाही. पण उन्हानं मरते ती. दारू मरत नाही, चव मरते.

आता मला भीती तुमच्या कोठीची आहे. कोठी टिनाची का? अन् वर छप्पर कशाचं?

पऱ्हाटीवाला

कोठी टिनाची. छप्परबी टिनाचंच 🙈 जुनं कवेलूचं घर होतं ते चार साल झाले पाडलं.

बरं मंग वावरातल्या विहिरीत सोडू का? पोत्यात बांधून दोरानं. लहानपणी बाबा टरबूज सोडत होते, असं थंड होये का दात शिवशिवत.

भंडाऱ्याचा_मास्तर

बाटलीचं काय करायचं ते गाळपवाले सांगतीलच, मला त्या जातीबद्दल बोलायचं आहे कारण वाचताना मला आपलीच गोष्ट आठवली. थोरला प्लिनी म्हणून रोमन लेखक होता, इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला त्यातच गेला, त्यानं ‘अपियाना’ नावाच्या द्राक्षाबद्दल लिहून ठेवलंय, मधमाश्या त्यावर तुटून पडतात म्हणून ते नाव. तेच आजचं फियानो असं तिकडचे लोक मानतात. (मोहाच्या झाडाखाली मार्च महिन्यात सकाळी उभं राहून पाहा, गोड वासावर माश्या कशा येतात ते कळेल.) हेझलनटचंही तसंच, त्या झाडाचं शास्त्रीय नाव कोरिलस अवेलाना, ते त्याच जिल्ह्यातल्या अवेल्ला गावावरून आलंय. म्हणजे ज्या भागात हेझलनट पिकते तिथल्याच वाईनला मुरल्यावर त्याचा वास येतो, योगायोग असेल पण मला भारी वाटलं.

पण ही जात जवळजवळ संपली होती. आधी द्राक्षाच्या मुळांवर फायलॉक्सेरा ही कीड आली, मग दुसरं महायुद्ध, अन् त्यानंतर शेतकऱ्यांनी ट्रेबियानोसारख्या भरघोस माल देणाऱ्या जाती लावायला घेतल्या, कमी पिकणाऱ्या फियानोला विचारतो कोण. तेव्हा अंतोनियो मास्त्रोबेरार्दीनो नावाचा माणूस अडून बसला की आपल्याच जाती लावायच्या, फियानो, ग्रेको, अन् रेडमधली अलियानिको. २०१४ मध्ये वारला तो. त्याच्या हट्टापायी फियानो वाचली, १९७८ मध्ये तिला डीओसी मिळालं, म्हणजे अमुक भागातली, अमुक जातीची असा सरकारी शिक्का, अन् २००३ मध्ये त्याच्या वरचं डीओसीजी. तुमच्या बाटलीच्या गळ्याला कागदाची नंबरवाली सरकारी पट्टी असेल ती त्याचीच. नियमानं आत किमान ८५ टक्के फियानो पाहिजे, बाकीत तिथल्या दोन-तीन ठरावीक जाती चालतात, त्यातल्या एकीचं नाव कोदा दि वोल्पे, कोल्ह्याची शेपटी, घड तसा दिसतो म्हणून.

आपल्याकडं २००२ मध्ये बीटी आलं अन् गावराणी कापूस पाहता पाहता वावरातून गेला. आपल्यात असा अडून बसणारा कोणी नव्हता असं नाही, पण त्याच्या कापसाला भाव कोणी दिला? तिकडं बाटलीवर गावाचं नाव छापून चार पैसे जास्त मिळाले म्हणून ती जात टिकली. नुसत्या प्रेमानं नाही.

वरुडची_संत्री

मास्तर, नागपुरी संत्र्यालेबी जीआय म्हणजे गावाच्या नावाचा शिक्का भेटला ना, आमच्या खिशात काय आलं ते आमालेच माहीत. जाऊ द्या, विषय वाईनचा आहे.

गाळप_अन्_गप्पा

मास्तर, एक गोष्ट जोडतो. तिथली जमीन चुनखडी अन् चिकणमातीची, त्यावर व्हेसुव्हियसची राख. आपली काळी मातीही ज्वालामुखीच्याच दगडाची, पण ती पाणी धरून ठेवते अन् आपल्याकडं रात्रीही गरम. उद्या कोणी दारव्ह्यात फियानो लावायला निघाला तर त्याला थांबवा. चिखलदऱ्याला कॉफी होते म्हणून तिथं एखादवेळ गंमत करून पाहता येईल, तेही पाऊस पाहून.

विहिरीचं: विचार वाईट नाही दादा. वाईन ठेवायला १२-१४ डिग्री पाहिजे अन् तेही सारखं. आपल्या विहिरीचं पाणी बारा महिने साधारण पंचवीस-सव्वीसच्या आसपास असते, मे महिन्यात हात घातला तर थंड लागते कारण बाहेर पंचेचाळीस आहे. कोठीपेक्षा हजारपट बरं, पण सहा वर्षांसाठी नाही. तिथं ती दुप्पट वेगानं म्हातारी होईल, लेबल कुजेल, अन् मोटर लावताना कोणी दोर तोडला तर गेलीच.

आधी बाटली काढा अन् बूच पाहा. वरची टोपी फुगलेली आहे का, बूच वर आलंय का, गळ्याला चिकट ओघळ आहे का? असेल तर उन्हानं वाईन फुगून बाहेर आली, समजून जा. नसेल तर आशा आहे. अन् गव्हात गोळी टाकली असेल तर कोठी उघडून हवा जाऊ द्या, मग हात घाला, ती विषारी असते.

बंडीवाला

आमच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे त्यामुळं मी काही बोलत नाही, फक्त वाचून रायलो 😌 पण आमच्याकडचं एक पाह्यलं, मोहफुलाची कोणी मुरवत ठेवत नाही. ठेवली तं कोणी ना कोणी पिऊन टाकते, चव सुधारायले टाइमच भेटत नाही. जुनं म्हणून ठेवतो ते तांदूळ अन् तूप. बाकी पऱ्हाटीवाले, परमिट काढून ठेवा अन् ते बाटली घेऊन वर्ध्याकडून जाऊ नका, तिकडंबी बंदीच आहे.

पऱ्हाटीवाला

काढली बाटली. गोळी नव्हती, कडुलिंबाचा पाला होता. बूच जागेवर आहे, ओघळ नाही, पट्टीबी आहे नंबरवाली. रंग मात्र पिवळा झाला वाटते, दिवाळीचा फोटो काढून पाह्यला तं तेव्हा पांढरट होती. हे मुरली का शिजली?

गाळप_अन्_गप्पा

एका वर्षात डोळ्याला दिसण्याइतका फरक म्हणजे थोडी शिजलीच. पण बूच हललं नाही म्हणजे पार गेली नसेल. आता सहा वर्षाचं विसरा. फ्रिजमध्ये सगळ्यात खाली आडवी ठेवा, दारात नाही, दार उघडबंद होऊन हलते. अन् येत्या हिवाळ्यात फोडा. प्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा, बर्फासारखी थंड असली तर वासच येत नाही. सोबत सावजी नको, तर्रीसमोर ती बिचारी दिसणारही नाही. सांबारवडी चालेल, नाहीतर तळलेली मासोळी.

पऱ्हाटीवाला

भावाले फोन लावला. आधी दहा मिनिट शिव्या देल्या, टिनाच्या कोठीत कोणी ठेवते का म्हणून. मंग म्हणते डिसेंबरात येतो, तोवर थांब. पोरीच्या दहावीसाठी दुसरी आणतो म्हणते, पण ते नागपूरले तिच्या मामाकडं ठेवू, त्याच्याकडं एसी आहे.

गाळपभाऊ, एसीत चालते का? अन् फ्रिजमध्ये बाटली आईले दिसली. मी म्हटलं अंगूरचा सिरका आहे, तं म्हणते मंग लोणच्यात घालू का.