मदत हवी आहे: बाबांना घेऊन टोब्लाख ते कोर्तिना, गाडीरस्ता पूर्ण टाळून

फ्रीव्हील

नमस्कार मंडळी,

मी म्युनिकला असतो. बाबा (वय ६६) दोन महिन्यांसाठी माझ्याकडे आलेत. नोकरीभर सायकलने कामावर गेलेला माणूस, पण सहा वर्षांपूर्वी मागून एका टेम्पोने उडवलं. हाडं जुळली, भीती राहिली. मागून इंजिनाचा आवाज आला की खांदे आखडतात आणि हँडल डगमगायला लागतं.

गेल्या महिन्यात आल्प्समधल्याच एका खोऱ्यात त्यांना नेलं होतं. ॲपवर ‘सायकल मार्ग’ असं ठळक लिहिलेलं. शेवटचे तीन किलोमीटर मात्र हमरस्त्याच्या कडेने निघाले, आणि कॅम्परव्हॅनची रांग संपता संपेना. बाबा काही बोलले नाहीत. उतरले आणि कडेच्या गवतातून सायकल हाताने ढकलत निघाले. मागे वळून बघितलं, तर चालतानाही त्यांची बोटं ब्रेकवरच होती.

म्हणून आता ॲपवर विश्वास न ठेवता, जाऊन आलेल्यांनाच विचारतोय. इटलीतल्या दक्षिण टिरोलमधलं टोब्लाख (इटालियन पाट्यांवर डोब्बियाको) ते कोर्तिना दाम्पेत्सो ही जुन्या रेल्वेमार्गावरची वाट डोक्यात आहे. माझी ग्रॅव्हल बाइक (खडीवर चालणारी, जाड टायरची सायकल) आहे, ४० मिमी टायर, ट्यूबलेस. बाबांसाठी तिथेच भाड्याने घेईन.

वाट खरंच गाड्यांपासून पूर्ण वेगळी आहे का? खडीवर त्यांचा तोल राहील का? कुठून कुठे जावं, आणि दमले तर परत कसं आणावं? जुलैच्या शेवटी जायचं म्हणतोय.

---

सुटलेली_चेन

ई-बाइक घ्या, विषय संपला. युरोपातली नेहमीची ई-बाइक ताशी २५ किमी वेगापर्यंतच मदत करते, म्हणजे अंगावर येणारी नाही. ६६ व्या वर्षी कशाला दम काढायचा?

---

फ्रीव्हील

विचारलं होतं. “मोटार लावूनच जायचं तर स्कूटर काय वाईट?” असं उत्तर मिळालं. घरातलं सरकार आहे, आपण काय बोलणार.

---

तिरपीवाट

दोनदा केली आहे ही वाट, एकदा एकटी आणि एकदा आईला घेऊन. त्यामुळे जरा लांबण लावते.

आधी रेल्वेबद्दल, कारण तुमच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर तिच्यात आहे. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियन सैन्याने टोब्लाखच्या बाजूने आणि इटालियन सैन्याने कालाल्त्सोच्या (कोर्तिनाच्या पुढचं गाव) बाजूने रसद वाहायला लष्करी रूळ टाकले होते. युद्धानंतर ते जोडून १९२१ मध्ये अख्खा मार्ग सुरू झाला. ९५० मिमी गेजची ही छोटी गाडी १९६४ मध्ये कायमची बंद पडली. रूळ गेले, भराव आणि बोगदे राहिले. छोट्या इंजिनाला ओढवेल इतकाच चढ ठेवलेला, तोच आज आपल्या पायांना मिळतो. टोब्लाख साधारण १२५० मीटरवर, मधली चिमाबांके खिंड १५३० वर आणि कोर्तिना परत १२२० च्या आसपास. खिंडीपर्यंत सुमारे १५ किमीत पावणेतीनशे मीटर चढ म्हणजे शेकडा दोन. आईला चढ आहे हे कळलंच नाही, फक्त “आज सायकल जड का लागतेय?” असं दोनदा विचारलं.

गाड्यांचं म्हणाल तर हमरस्ता (एसएस ५१) त्याच खोऱ्यातून जातो, कधी अगदी जवळून, कधी झाडांपलीकडून. पण वाट वेगळी आहे, पांढऱ्या रेषेने ‘वेगळी’ केलेली नव्हे. आवाज मात्र येतो. हे बाबांना आधीच सांगून ठेवा. रस्ता ओलांडायची वेळ आली तर उतरून ओलांडा.

खडी: टोब्लाख ते कोर्तिना बराचसा भाग कच्चा आहे, दाबून बसवलेली पांढरी बारीक कच. कोरडी असताना चाक छान चालतं, फक्त संध्याकाळी मोजे पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसतात. कोर्तिनापासून पुढे कालाल्त्सोपर्यंत डांबरी आहे, त्यामुळे तुम्हाला खडीच हवी असेल तर पुढे जायची गरज नाही.

आणि दिशा. माझं ठाम मत, टोब्लाखहून निघा आणि कोर्तिनाला पोहोचायचंच असं घरातून ठरवून निघू नका. चिमाबांकेला पोहोचल्यावर बाबांकडे बघा आणि तिथे ठरवा. तिथून मागे फिरलात तर घरापर्यंत उतार. पुढे गेलात तर कोर्तिनापर्यंतही उतारच, पण परतताना तोच पंधरा-सोळा किमीचा चढ दुपारी दमलेल्या पायांनी चढावा लागतो. पहिल्या खेपेला मी नेमकी ही चूक केली. कोर्तिनात तासभर रमले, मग चढ लागला आणि वरून गडगडाट. उन्हाळ्यात डोलोमाइट्समध्ये दुपारनंतर वीज-पाऊस नेहमीचा, म्हणून सकाळी आठला चाक फिरलं पाहिजे.

---

ढगफुटी

तिरपीवाट यांच्याशी सहमत, फक्त दोन गोष्टी.

हवा! लोक ट्यूबलेसमध्येही दगडासारखी हवा भरतात. मी पहिल्यांदा ६० पीएसआय भरून गेलो होतो. दहा किमीत तळवे बधिर, आणि बाटली पिंजऱ्यातून उडून ओढ्यात. ४० मिमी टायरला, तुमचं वजन पंचाहत्तरच्या आसपास असेल तर, पुढे ३० आणि मागे ३३ पासून सुरुवात करा. बाबांच्या भाड्याच्या सायकलीत ट्यूब असेल तर थोडी जास्त, नाहीतर दगडाच्या धारेवर ट्यूब रिमला चेपून साप चावल्यासारखी दोन भोकं पडतात.

दुसरं, ब्रेक. कुठला लिव्हर पुढच्या चाकाचा आणि कुठला मागच्या हे दुकानाच्या दारातच दाबून बघायला लावा. युरोपात बऱ्याच सायकलींना डावा लिव्हर पुढच्या चाकाचा असतो. बाबांच्या हाताला चाळीस वर्षं उजव्याने पुढचा ब्रेक लावायची सवय असेल, तर खडीवरच्या वळणात घाबरून दाबलेला डावा लिव्हर पुढचं चाक घसरवेल. एका दुकानाने मला लिव्हर अदलाबदल करून द्यायला साफ नकार दिला होता (“सगळे असेच चालवतात”), म्हणून आधी फोन करून विचारा. नाही जमलं तर टोब्लाखच्या एखाद्या मोकळ्या मैदानात अर्धा तास फक्त थांबायची प्रॅक्टिस. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही.

---

फ्रीव्हील

लिव्हरचं डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद. माझा हात आता इथल्या सायकलींना सरावला आहे, त्यामुळे मी विसरलोच असतो.

बोगदे किती अंधारे आहेत? आणि वाटेत थांबण्यासारखं काय?

---

तिरपीवाट

बोगदे चिमाबांके ओलांडल्यावर, कोर्तिनाच्या बाजूला, फेलित्सोनच्या घळीवरच्या पुलाजवळ. उन्हातून आत शिरलं की डोळ्यांपुढे काळोख येतो, म्हणून लाइट आधीच लावा, मागचा लालही. इटलीत बोगद्यात सायकलस्वाराला परावर्तक जाकीट घालणं कायद्याने सक्तीचं आहे, शहराबाहेर अंधार पडल्यावरही. दोन जाकिटं बॅगेत वरच ठेवा. पुलावर उतरून खाली बघा, पण उंचीचा त्रास असेल तर मधोमध चाला.

थांबायला टोब्लाखपासूनच सुरुवात आहे. टोब्लाखचं तळं, मग नासवांटची युद्धदफनभूमी, झाडांत शांत. पुढे लांद्रोजवळ डावीकडची दरी अचानक उघडते आणि त्रे चिमेचे तिन्ही सुळके दिसतात. मोठा सुळका २९९९ मीटर, एक मीटरने हुकलेला बिचारा. दोन मिनिटांनी झाडं आली की गायब, त्यामुळे मान डावीकडे ठेवा. (चालवताना नको.) नंतर ड्युरेनझे तळं, समोर मोंते क्रिस्टालो डोंगर. जरा पुढे श्लुडरबाखला (कार्बोनिन) मिझुरिना तळ्याकडे फाटा फुटतो आणि वळायचा फार मोह होतो. वळू नका. ती डांबरी घाटवाट आहे, गाड्यांची, आणि तुमच्या बाबांना नेमकं तेच नको आहे.

---

सुटलेली_चेन

दुसऱ्या दिवशी ड्राऊ नदीच्या कडेने लिएन्त्सला जा की. टोब्लाखजवळ उगम पावणारी ड्राऊ ऑस्ट्रियात उतरते, सुमारे ४४ किमी, शेवटी ६७३ मीटर उंची. म्हणजे बहुतेक उतारच, आणि येताना ट्रेन. मोटार नसली तरी चालेल, बघा!

---

ढगफुटी

चांगली वाट, पण ग्रॅव्हल नाही, बहुतेक डांबरी. ऑगस्टमध्ये ती जत्रा असते, इटालियन कुटुंबं, ट्रेलरमधली पोरं, कुत्री, सगळं. गाड्या नाहीत, पण शांतताही नाही. पासपोर्ट जवळ असू द्या, वाटेत सीमा लागते. एक गंमत, टोब्लाखहून ड्राऊचं पाणी काळ्या समुद्राला जातं आणि शेजारच्या रिएन्त्सचं एड्रियाटिकला. इतक्या सपाट जागेवर जलविभाजक असेल असं वाटतच नाही.

---

फ्रीव्हील

अपडेट. शनिवारी जाऊन आलो.

दुकानवाल्या बाईंनी लिव्हर बदलून दिले, पाच मिनिटांत. सव्वाआठला निघालो. लांद्रोला सुळके दिसले, बाबा थांबले आणि पाण्याची बाटली उघडून न पिताच परत बंद केली.

चिमाबांकेच्या अलीकडे मागून इंजिन ऐकू आलं. वाटेवरच! देखभालीची जीप होती, चालण्याच्या वेगाने येत होती. बाबांचे खांदे आखडले, सायकल कडेला घेतली, पाय टेकला. जीप गेली, चालकाने हात दाखवला, बाबांनीही दाखवला. मग स्वतःच पुढे निघाले, मी मागे.

खिंडीत ठरवायचं होतं. मी विचारायच्या आत ते म्हणाले, “पूल बघून येऊ.” फेलित्सोनपर्यंत गेलो, क्रिस्टालोमागे ढग चढताना दिसले आणि तिथूनच फिरलो. बोगद्यात जाकिटं घातली. बाहेर आल्यावर त्यांनी काढलंच नाही, टोब्लाखपर्यंत पिवळेच होते. कोर्तिना राहिली.

पुढच्या शनिवारी त्यांना लिएन्त्सला जायचंय. येताना ट्रेनमध्ये सायकल चढवायला गर्दीच्या वेळी जागा मिळते का? कुणी अलीकडे आणली असेल तर सांगा, बाबांना दुपारी चारची गाडी हवी आहे.