इंद्रजालची फ्रेम घरात आहे, काय करावं?

जुळे_सोलापूरकर:
मंडळी एक विचारायचं होतं. आमच्या आत्यानं पूजेच्या सामानाच्या एका दुकानातून इंद्रजाल आणलंय, काचेच्या फ्रेममध्ये काळ्या बारीक फांद्यांची जाळी असते बघा, ते. दुकानदार म्हणाला जंगलातली दुर्मिळ मुळी आहे, दारासमोर लावा, नजर लागत नाही, वास्तुदोष जातो. आता चुलतभाऊ म्हणतोय हा समुद्रातला प्राणी आहे आणि घरात ठेवणं गुन्हा आहे. खरंय का? आत्या ऐकायला तयार नाही.

सीनाकाठ:
भाऊ बरोबर बोलतोय ओ. मुळीबिळी काही नाही, ते समुद्री पंखा नाहीतर काळं प्रवाळ असतं. असंख्य बारीक जीव वसाहत करून राहतात, आपण फ्रेममध्ये बघतो तो त्यांचा वाळलेला सांगाडा. 2001 पासून ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आपल्या नान्नजचा माळढोक ज्या यादीत आहे त्याच यादीत. विकणं, घेणं, जवळ ठेवणं सगळंच गुन्हा, 3 ते 7 वर्षं कैद आणि दंड कमीत कमी 25 हजार. त्याच काउंटरवर हत्ताजोडी पण मुळी म्हणून विकतात, ती तर नर घोरपडीचं जननेंद्रिय कापून वाळवलेलं असतं. आत्याला हे सांगा.

मालवणची_लेक:
माझं माहेर मालवण, सासर सोलापूर, म्हणून लिहितेय. समुद्राच्या तळावरून ट्रॉलची जाळी ओढतात ना तेव्हा हे पंखे मुळासकट उपटून येतात, आणि काळं प्रवाळ इतकं हळू वाढतं की हवाईजवळ खोल पाण्यात 4 हजार वर्षांहून जुनं सापडलंय. लहान मासे त्याच्या आडोशाला असतात. आपल्या राज्यात 2018 पासून योजना आहे, जाळ्यात कासव किंवा देवमासा असा संरक्षित जीव अडकला आणि मच्छीमारानं जाळं कापून सोडला तर 25 हजारांपर्यंत भरपाई मिळते. तिकडं माणसं स्वतःचं जाळं कापतायत आणि इकडं समुद्रापासून एवढ्या लांब आपण भिंतीला टांगायला विकत घेतोय, मला खरंच फार वाईट वाटतं. गिऱ्हाईक आहे म्हणूनच माल इथपर्यंत येतो.

जुळे_सोलापूरकर:
आत्याला वाचून दाखवलं, हत्ताजोडीचं ऐकून गप्पच बसली. मग दुकानात परत देऊन पैसे मागू का?

सीनाकाठ:
नका देऊ, तो उद्या दुसऱ्याला विकेल. ऑनलाइन विकायचा तर विचारच नको, वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्यूरो असल्या जाहिरातींवर नजर ठेवून असतं. कायद्यात अशी वस्तू हाती आल्यापासून 48 तासांत कळवा असं आहे, म्हणून आता उशीर नको. 1926 ला फोन लावा, वनविभागाची हेल्पलाइन आहे, नाहीतर सरळ वन कार्यालयात जा. ओळखीचा वकील असेल तर सोबत न्या. दुकानाची पावती असेल तर ती पण द्या, माल कुठून येतो ते त्यावरूनच कळेल.

जुळे_सोलापूरकर:
पावती आहे. फ्रेम उघडून नेऊ का तशीच?

सीनाकाठ:
तशीच न्या, हात लावू नका.