रायझन ७ ९७००एक्स घ्यावा की कोअर अल्ट्रा ७ २६५के? मदत हवी आहे

मंडळी, नवीन संगणक जुळवायचा आहे आणि घोडं प्रोसेसरपाशी अडलंय. यादी गाळत गाळत दोनच नावं उरली आहेत: एएमडीचा रायझन ७ ९७००एक्स आणि इंटेलचा कोअर अल्ट्रा ७ २६५के. दोन्ही २०२४ मध्ये आले आणि तेव्हाच्या जाहीर किमतीत जेमतेम दहा टक्क्यांचा फरक होता, त्यामुळे नुसत्या किमतीवरून निकाल लागत नाही.

सध्याचं मशीन: रायझन ५ ३६००, ३२ जीबी डीडीआर४ रॅम, आरटीएक्स ३०६०. ग्राफिक्स कार्ड एवढ्यात बदलणार नाही.

वापर असा: निम्म्याहून जास्त वेळ प्रीमियर प्रो या सॉफ्टवेअरमध्ये फोरके व्हिडिओचं संपादन. उरलेल्या वेळात सी++ चा एक बऱ्यापैकी मोठा प्रकल्प बिल्ड करायचा (कोडवरून प्रोग्राम तयार करायचा) असतो. रात्री कधीतरी गेम, तेही १४४०पी वर. गेममध्ये चार फ्रेम कमी मिळाल्या तर माझं काही बिघडत नाही.

आतापर्यंत मला कळलंय ते असं. ९७००एक्समध्ये ८ कोअर, १६ थ्रेड. २६५केमध्ये ८ मोठे आणि १२ छोटे मिळून २० कोअर, पण इंटेलने या पिढीत हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड, म्हणजे दोन कामं एकाच वेळी चालवण्याची सोय) काढून टाकल्यामुळे थ्रेडही २०च. कमाल वेग दोघांचाही ५.५ गिगाहर्ट्झ. विजेत मात्र जमीन-अस्मानाचा फरक: ९७००एक्स मूळ सेटिंगवर ८८ वॉटच्या आसपास थांबतो, २६५केला कमाल २५० वॉटपर्यंत मुभा आहे. दोन्हींच्या खोक्यात कूलर येत नाही, म्हणजे तो खर्च वेगळाच.

गोंधळ इथे आहे. रेंडरिंगच्या चाचण्यांत २६५के सरळ पुढे पळतो. गेमच्या चाचण्यांत तो अडखळतो, आला तेव्हा तर इंटेलच्याच १४व्या पिढीच्या मागे पडला म्हणून बरीच टीका झाली होती. बरं, ‘एएमडी घ्या, सॉकेट टिकेल’ (म्हणजे पुढचा प्रोसेसरही त्याच मदरबोर्डवर बसेल) असं जो तो सांगतो. पण माझं काम ना शुद्ध रेंडरिंग, ना शुद्ध गेम. माझा खरा त्रास वेगळाच आहे: टाइमलाइनवर क्लिप चालवली की चित्र अडकत अडकत पुढे जातं. एक्स्पोर्टला वेळ लागला तर लागू दे, चहा पिऊन येईन. पण एक कट नीट बसला का हे बघायला तीन वेळा मागे-पुढे जावं लागतं, त्याने डोकं उठतं.

तर माझ्यासारख्या वापराला दोघांपैकी कोणता, आणि का? कंपन्यांची भांडणं दुसऱ्या धाग्यावर घ्या, ही विनंती.

प्रतिसाद १
डोळे झाकून ९८००एक्स३डी घ्या. गेमसाठी त्याच्यापुढे काही नाही.

प्रतिसाद २
वरच्या प्रतिसादाला: त्यांनी गेम शेवटी लिहिलाय हो. एक्स३डी मालिकेतला जादा एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी) गेममध्ये कमाल करतो, प्रीमियरमध्ये त्याचा फारसा उपयोग नाही. शिवाय ३०६० वर १४४०पी खेळताना अडथळा कार्डाचाच असणार. परीक्षणवाले सगळ्यात दणकट कार्ड लावून १०८०पी वर मोजतात, कारण त्यांना प्रोसेसरमधला फरक उघडा करून दाखवायचा असतो. तो फरक तुमच्या पडद्यावर दिसणारच नाही. तेव्हा गेमचे आलेख बाजूला ठेवा, निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

प्रतिसाद ३
धागाकर्तीला एक प्रश्न: कॅमेऱ्यातून येणारी फाइल नेमकी कोणत्या प्रकारची आहे? मीडियाइन्फोमध्ये (फाइलचा तपशील दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा आणि ‘क्रोमा सबसॅम्पलिंग’ (रंगांची माहिती किती बारकाईने साठवली आहे) ही ओळ बघा. ४:२:० की ४:२:२? मग तीच क्लिप प्रीमियरमध्ये चालवताना टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डाचा ‘व्हिडिओ डीकोड’ (दाबून साठवलेला व्हिडिओ उलगडण्याचं काम) आलेख हलतो का तेही सांगा. त्याआधी कोणताही सल्ला म्हणजे अंधारात बाण.

धागाकर्ती
बघितलं. एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत), १०-बिट, ४:२:२. क्लिप चालवली की प्रोसेसरचे सगळे कोअर छताला टेकतात आणि ‘व्हिडिओ डीकोड’ शून्यावर आडवा पडून असतो. कार्ड खराब आहे का?

प्रतिसाद ३
कार्ड ठणठणीत आहे, त्याला ही भाषाच येत नाही. एनव्हिडियाच्या कार्डांमध्ये ४:२:२ उलगडण्याची सोय थेट आरटीएक्स ५० मालिकेत आली, ३०६० मध्ये ती नाही. त्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि ३६०० चे सहा कोअर हात टेकतात.

इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये क्विक सिंक नावाचा वेगळा भाग असतो. एच.२६५ चं १०-बिट ४:२:२ तो ११व्या पिढीपासून हार्डवेअरवर उलगडतो आणि प्रीमियर त्याचा वापर करतं. ९७००एक्समध्येही अंगभूत ग्राफिक्स आहे, पण ते मॉनिटर चालू ठेवण्यापुरतं. ४:२:२ त्याला जमत नाही. म्हणजे ९७००एक्स घेतलात तर आज सहा कोअर जे काम घाम गाळून करतात तेच उद्या आठ नवे, वेगवान कोअर करतील. फरक जाणवेल, पण त्रासाचं मूळ राहील. २६५केवर ते काम प्रोसेसरच्या कोअरांकडे जाणारच नाही.

म्हणून तुमच्यासाठी २६५के. फक्त एक गोष्ट कोरून ठेवा: २६५केएफ घेऊ नका. नावातल्या ‘एफ’चा अर्थ अंगभूत ग्राफिक्स बंद. थोडा स्वस्त दिसतो म्हणून लोक उचलतात, आणि तुमच्या बाबतीत तर ज्यासाठी इंटेल घ्यायचा तेच त्यात नसेल.

प्रतिसाद ४
वरच्यांशी सहमत, पण उलट बाजूही ऐका. सॉकेटचा मुद्दा अगदीच हवेतला नाही. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर २०१७ साली पहिले रायझन आले आणि २०२२ चा ५८००एक्स३डी सुद्धा बायॉस (बोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून त्यातल्या अनेक जुन्या बोर्डांवर बसला. आताच्या एएम५ सॉकेटला २०२७ आणि पुढेही साथ देऊ असं एएमडीने सांगितलंय. इंटेलकडे सॉकेट बदलत गेले: २०२० ला १२००, २०२१ ला १७००, २०२४ ला १८५१. दर दोन-तीन वर्षांनी प्रोसेसर बदलण्याची सवय असेल तर याचा हिशोब धरा. पण एकदा घेतलेलं मशीन पाच-सहा वर्षं वापरणार असाल (३६०० अजून चालवताय म्हणजे तसंच असावं), तर तेव्हा बोर्डही बदलावासा वाटेलच.

किंमत बघताना प्रोसेसर + बोर्ड + रॅम + कूलर अशी एकत्र बघा. रॅम दोन्हीकडे डीडीआर५च लागणार, त्यामुळे तिथे बचत नाही. कूलरमध्ये मात्र आहे. ९७००एक्सला साधा टॉवर कूलर पुरतो, २६५केला बिल्ड आणि एक्स्पोर्टच्या वेळी चांगल्यापैकी मोठा लागेल.

आणि रॅमच्या दोनच पट्ट्या घ्या, मोठ्या घ्या. रायझन ९००० मध्ये चार पट्ट्या लावल्या तर अधिकृत वेग ५६०० वरून ३६०० वर उतरतो. इंटेलकडेही चार पट्ट्यांनी वेग कमी होतोच.

प्रतिसाद ५
आणखी दोन वाटा कोणी सांगितल्या नाहीत म्हणून लिहितो.

पहिली, अगदी फुकट: प्रॉक्सी. प्रीमियर आयात करतानाच हलक्या प्रती बनवू शकतं, संपादन त्यावर करायचं, एक्स्पोर्ट मूळ फाइलवरून. प्रत्येक प्रकल्पाला आधी प्रती तयार होईपर्यंत थांबावं लागतं आणि डिस्कवर जागा जाते, एवढाच जाच.

दुसरी: बोर्डवर जागा असेल तर इंटेलचं आर्क ए३८० सारखं छोटं कार्ड ३०६० च्या जोडीला लावायचं. एच.२६५ चं ४:२:२ तेही उलगडतं. रायझनवरच मन बसलं असेल तर ९७००एक्स + आर्क हाही मार्ग आहे. मला मात्र दोन ड्रायव्हर सांभाळत बसणं आवडत नाही.

सी++ बद्दल: पूर्ण बिल्डला २६५केचे वीस कोअर कामी येतात. एक फाइल बदलून पुन्हा बिल्ड करण्यात दोघांत फार अंतर जाणवू नये, तिथे एका कोअरचा वेग आणि लिंकर (तुकडे जोडून अंतिम प्रोग्राम बनवणारं साधन) हेच महत्त्वाचं.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. मी आलेखांत कोअर मोजत बसले होते, ४:२:२ ची ओळ कुठल्याच तुलनेत दिसली नव्हती. प्रॉक्सी आजच करून बघते. खरेदी मात्र २६५केचीच, ‘एफ’ नसलेला. कूलर मोठा घेईन, रॅम ३२-३२ च्या दोन पट्ट्या.

शेवटची शंका: ३०६० लावलेलं असताना अंगभूत ग्राफिक्स आपोआप चालू राहतं का? मॉनिटर तर कार्डालाच जोडणार.

प्रतिसाद ३
प्रत्येक बोर्डवर नाही. काही बोर्ड वेगळं कार्ड दिसलं की अंगभूत ग्राफिक्स बंद करतात. बायॉसमध्ये ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ किंवा तशा नावाचा पर्याय असेल, तो चालू करा. मॉनिटरची केबल कार्डातच राहू द्या. मग विंडोजमध्ये इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर टाका आणि प्रीमियरच्या ‘मीडिया’ सेटिंगमध्ये डीकोडिंगसाठी इंटेलवर खूण आहे ना ते बघा. टास्क मॅनेजरमध्ये दोन जीपीयू दिसले पाहिजेत, आणि क्लिप चालवल्यावर इंटेलवाल्याचा ‘व्हिडिओ डीकोड’ वर चढला पाहिजे.

एक पुरवणी: पुढे कधी दुसरा कॅमेरा आला आणि तो ४:२:२ एच.२६४ मध्ये देत असेल, तर क्विक सिंकही हात वर करतं. कॅमेऱ्याच्या मेनूत एच.२६५ निवडता येतं का ते आधी बघून मगच घ्या.