ऑपेरा हाऊसमध्ये आईला गाण्याला न्यायचे आहे, कुठे बसावे?

गोदाकाठ यांचा प्रश्न

सप्रेम नमस्कार. माझी आई गिरगावातल्या चाळीत वाढली आणि लग्नानंतर नाशिकला आली. साठच्या दशकात चर्नी रोडच्या ऑपेरा हाऊसमध्ये पाहिलेल्या सिनेमांच्या गोष्टी ती आजही सांगते, आणि त्यात सिनेमाच्या कथेपेक्षा तिकिटाच्या रांगेत मोठ्या भावाने धरून ठेवलेल्या जागेचे वर्णनच अधिक असते. पुढच्या महिन्यात तिथे शास्त्रीय गायनाची मैफल आहे आणि तिला घेऊन जावे असे माझ्या मनात आहे. तिचे वय ७८ आहे, गुडघे दुखतात, पण कान उत्तम आहेत. तिचे म्हणणे असे की, "जुन्या भांड्याला कल्हई केली म्हणजे त्यातली आमटी तीच राहते असं नाही." तेव्हा गाणे नीट ऐकू यावे आणि तिला त्रासही होऊ नये अशी जागा कोणती, आणि नाशिकहून मुद्दाम जावे इतके त्या वास्तूत आज काय आहे, हे जाणकारांनी सांगावे.

खेतवाडी तिसरी गल्ली यांचे उत्तर

आईंना जरूर न्यावे. मी याच भागात राहतो आणि २०१६ साली नाट्यगृह पुन्हा उघडल्यानंतर तिथे बऱ्याच वेळा गेलो आहे, म्हणून आधी जागेचे सांगतो. सभागृहात ५७५ आसने आहेत, म्हणजे आपल्या नेहमीच्या नाट्यगृहांच्या मानाने ते लहानच आहे आणि अगदी मागे बसले तरी गायक ठिपक्याएवढा दिसत नाही. गुडघ्यांचा विचार करता सज्ज्यांचा मोह टाळावा आणि तळमजल्यावर पुढून सहाव्या ते दहाव्या रांगेच्या आसपास, शक्यतो मधल्या वाटेलगतची खुर्ची घ्यावी. सज्जाच्या खाली खोलवर गेलेल्या शेवटच्या रांगा मात्र घेऊ नयेत, कारण कोणत्याही जुन्या नाट्यगृहात डोक्यावर सज्जा आला की वरून परतणारा आवाज अडतो आणि तानपुरा जवळजवळ नाहीसा होतो. तरुण मंडळी बरोबर असतील तर त्यांना सज्जातल्या पहिल्या रांगेत पाठवावे, कारण तिथे आवाजाला मध्ये काहीच आडवे येत नाही. पण ख्याल ऐकताना गायकाचा हात आणि चेहरा दिसणे हे अर्धे गाणे असते असे मी मानतो, म्हणून माझे मत तळमजल्यालाच.

चर्नी रोड आणि ग्रँट रोड ही दोन्ही स्थानके जवळ आहेत, पण संध्याकाळी लोकलमधून उतरून आईंना चालवण्यापेक्षा टॅक्सी करावी आणि टॅक्सीवाल्याला फक्त "ऑपेरा हाऊस" एवढेच सांगावे. नाट्यगृह बंद होते त्या सगळ्या वर्षांतही या परिसराचे नाव तेच राहिले, कारण हिऱ्यांच्या बाजाराने आणि बसच्या पाट्यांनी ते जिवंत ठेवले. गाडी स्वतःची असेल तर ती कुठे लावायची याची चिंता मैफलीपेक्षा मोठी होईल, एवढे सांगून तो विषय सोडतो. वेळ हाताशी असेल तर दुपारी ठाकुरद्वारला विनय हेल्थ होममध्ये मिसळ खाऊन निघावे, आईंना ते दुकान आठवत असण्याचा संभव आहे.

चुना आणि विटा यांचे उत्तर

कल्हईची उपमा फार आवडली, पण इथे झालेले काम कल्हईच्या उलट आहे, कारण वर चढलेले थर उतरवून खालचे भांडे शोधावे लागले. मुळात ही वास्तू कलकत्त्याहून नाट्यव्यवसाय चालवणारे मॉरिस बँडमन आणि मुंबईतले कोळशाचे पारशी दलाल जहांगीर फ्रामजी कराका यांच्या कल्पनेतून उभी राहिली. १९११ साली पंचम जॉर्ज भारतात आले तेव्हा काम अपुरे असतानाच त्यांच्या हस्ते उद्घाटन उरकून घेण्यात आले आणि त्या नात्याने नावामागे "रॉयल" लागले. पुढे बोलपटांचा जमाना आला, १९३५ च्या सुमारास नाट्यगृहाचे सिनेमागृह झाले आणि त्या बदलांत रंगमंचालगतचे बॉक्स, म्हणजे मोजक्या प्रेक्षकांसाठीचे स्वतंत्र कक्ष, गेले. १९५२ साली गोंडलचे महाराज विक्रमसिंहजी यांनी ही वास्तू घेतली, म्हणजे आपल्या आईंनी पाहिलेले ऑपेरा हाऊस हे गोंडलकरांच्या मालकीचे सिनेमागृह होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते बंद पडले आणि दोन दशकांहून अधिक काळ तसेच राहिले. २०१२ साली जागतिक पातळीवरच्या धोक्यातील वारशांच्या यादीत त्याचे नाव आले होते, यावरून तेव्हाच्या अवस्थेची कल्पना यावी.

संवर्धनाचे काम वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी केले. जुनी छायाचित्रे समोर ठेवून बॉक्स पुन्हा उभे करण्यात आले, रंगाचे थर खरवडून मूळ छटा शोधण्यात आल्या आणि रंगीत काचा परत आल्या. २० ऑक्टोबर २०१६ रोजी ते पुन्हा उघडले, त्या वेळी मुंबईतच जन्मलेल्या सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या पाश्चात्त्य गायिका, पॅट्रिशिया रोझारिओ तिथे गायल्या, आणि पुढच्याच वर्षी युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाची दखल घेतली गेली. आत शिरल्यावर झुंबरे अवश्य पाहावीत. ती ससून घराण्याकडून आली आहेत आणि पूर्वी त्यांच्या भायखळ्याच्या "सां सूसी" बंगल्यात होती असे सांगतात, त्या बंगल्यात आज मसीना रुग्णालय आहे.

एक विनंती मात्र आहे. कार्यक्रम सुरू होण्याच्या निदान अर्धा तास आधी पोहोचावे, आसनावर बसावे आणि मान वर करून घुमटाकडे पाहावे. घुमटाचे आठ भाग केलेले आहेत आणि त्यांत इंग्रजी कवी-नाटककारांच्या प्रतिमा आहेत. दिवे मालवल्यावर हे काही दिसत नाही, आणि मध्यंतरात सगळे मोबाइल वर करून उभे राहतात तेव्हा पाहण्यात मजा राहत नाही.

पडदा_वर यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, तरी एक गोष्ट कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. ज्या रंगमंचावर बालगंधर्व आणि दीनानाथ मंगेशकर गायले, त्याच रंगमंचावर आज मराठी संगीत नाटक पाहायला मिळणे दुर्मीळ आहे. मी तिथे पाश्चात्त्य संगीत ऐकले, जॅझ ऐकले, इंग्रजी नाटके पाहिली, परंतु मराठी नाटक एकदाही पाहिले नाही. यात कोणाला दोष द्यावा असे नाही, कारण ५७५ खुर्च्यांत व्यावसायिक मराठी नाटकाचे गणित बसवणे अवघड आहे आणि आपला प्रेक्षकही दादर, पार्ले आणि ठाणे सोडून दक्षिणेकडे सहसा सरकत नाही. गिरगावातून मराठी वस्ती उपनगरांत गेली तेव्हा तिच्याबरोबर तिची तिकीट खिडकीही गेली. साहित्य संघाचे नाट्यगृह तिथून हाकेच्या अंतरावर आहे, तिथल्या रिकाम्या खुर्च्या पाहिल्या की हे अधिकच जाणवते.

त्याच परिसराचा इतिहास थोडा मागे नेला तर ग्रँट रोडचे नाट्यगृह लागते, जिथे विष्णुदास भाव्यांनी १८५३ साली आपली नाटके केली. आज ज्या भागाला "पिला हाऊस" म्हणतात ते "प्ले हाऊस"चेच रूप आहे. तिथल्या बहुतेक नाटकशाळांची सिनेमागृहे झाली आणि सिनेमागृहांचे पुढे काय झाले ते सर्वांनाच दिसते. ऑपेरा हाऊस त्या रांगेतून निसटले ते मालकांनी हट्ट धरल्यामुळे आणि खर्च केल्यामुळे.

ध्वनिक्षेपकाबद्दल एक सूचना करतो. बालगंधर्वांच्या काळात माइक नव्हता, ऑर्गन आणि सारंगी यांच्या साथीने नुसता गळा शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवावा लागे, आणि त्या काळची नाट्यगृहे त्या हिशेबानेच बांधलेली असत. अशा लहान सभागृहात ध्वनिव्यवस्था लग्नाच्या हॉलसारखी लावली की सगळे मुसळ केरात जाते. पुण्यातल्या एका सभागृहात मी तबल्याच्या डग्ग्याने छाती हादरलेली अनुभवली आहे. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी आयोजकांना आवाजाबद्दल मोकळेपणाने विचारावे, त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

करवीरकर यांचे उत्तर

हा धागा वाचताना राहवले नाही. आमच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर बांधले, म्हणजे ते ऑपेरा हाऊसचे जवळजवळ समवयस्कच. पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव दिले गेले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथे गेलो तेव्हा आजूबाजूला नाटकवाले रडत उभे होते आणि ओल्या राखेचा वास रस्त्यापर्यंत येत होता. मुंबईकरांनी आपले परत मिळवले याचा हेवा वाटतो, इतकेच. गोदाकाठ, आईंना नक्की घेऊन जा, पुढच्या वर्षावर टाकू नका.

गोदाकाठ यांचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. परवा जाऊन आलो. आठव्या रांगेत वाटेलगतच्या दोन खुर्च्या मिळाल्या आणि टॅक्सी अगदी दारात थांबली. अर्धा तास आधी बसलो तेव्हा आईने मान वर केली आणि बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली की, इतके सिनेमे पाहिले, पण इथे छत आहे हे तिला माहीतच नव्हते, कारण सिनेमाला आत शिरायचे ते अंधारात बॅटरीवाल्याच्या मागून आणि बाहेर पडायचे ते गर्दीत आईचा पदर धरून. मोठ्या मामांची रांगेतली जागा कुठे असायची ते तिने फाटकाशी उभे राहून दाखवले, आता तिथे सुरक्षारक्षकाची खुर्ची आहे.

गाणे उत्तम झाले. सुरुवातीच्या यमनात तानपुऱ्याची जवारी आमच्या रांगेपर्यंत स्वच्छ येत होती आणि गायिकेने मंद्रातला पंचम लावला तेव्हा आईने माझा हात दाबला. आमटीबद्दल विचारले तर तिने अजून उत्तर दिलेले नाही. करवीरकर, तुमचे नाट्यगृह उभे राहिले की इथे कळवा, तिला कोल्हापूरही पाहायचे आहे.